बोटांमधली जागा

शेवंतीमावशीची बोटं अजून काळी आहेत.
कारखाना सोडून अकरा वर्षं झाली,
तरी काजूच्या चिकाने नखांच्या कडा
जळक्या कागदासारख्या उठतात.
विडी तिने कधी ओढली नाही.
भट्टीचा धूर मात्र फुकट होता,
रोज होता, पगार नसला त्या दिवशीही होता.

स्कॅनच्या फिल्मवर, उजवीकडे वर,
पांढरा ठिपका, सुपारीएवढा.
ती फिल्म उन्हाकडे धरते,
खुडूक कोंबडीखालचं अंडं धरावं तशी:
जीव धरलाय का आत?

"तू त्या दुर्बिणीत दिसभर काय बघतंस गो?"

पुण्याच्या प्रयोगशाळेतून चार दिवसांच्या रजेवर
वेंगुर्ल्याला आलेली मी
ओटीवर बसून सांगू लागते:
पेशीला दारं असतात, दारांना कड्या.
बाहेरून एक प्रथिन येतं, कडी वाजवतं.
आतला निरोप्या उठतो, पार गाभ्यापर्यंत जातो.
निरोप कधी असतो: वाढ.
कधी: थांब.
आणि कधी, त्याच प्रथिनाच्या तोंडून,
पुरे, आता आवरून घे.

मग पेशी आवरते.
सुजत नाही, शेजाऱ्यांवर सांडत नाही.
आपल्याच कात्रीने आपले धागे कापते,
लहान लहान पुरचुंड्या बांधते,
आणि शेजारणी त्या उचलून नेतात
पंगत उठल्यावर पत्रावळी उचलाव्यात तशा.

"जो वाढयता, तोच मारता?"

खांबाला टेकलेले मावसो इथे पहिल्यांदा बोलतात.
जन्मभर दुसऱ्यांच्या हापूसच्या बागा राखलेला माणूस.
"त्यात काय नवाल? कल्टार."
आळ्यात ओतलं की झाड पालवी विसरून मोहोराला लागतं.
माप चुकलं की फांद्या आखडतात,
पानांचे गुच्छ होतात, झाड बसतं.
औषध तेच.
झाडाचं वय बघायचं, आणि ओतणाऱ्याचा हात.

सहा वर्षं मी जे लिहिते आहे
ते त्यांनी चहा निवायच्या आत संपवलं.

तरी एक उरतं.
मावशीच्या गाठीतल्या पेशींनी कड्याच काढून टाकल्यात.
प्रथिन येतं, दार चाचपतं, परत फिरतं.
काही गाठींत याहून वाईट:
निरोप पोचतो, पण आत त्याचा अर्थ उलटा लागतो.
"निघा" म्हटलं की त्या खरंच निघतात,
हाडांकडे, यकृताकडे.
हे मी तिला सांगत नाही.

काचेच्या बशीतली गोष्ट सांगते.
तिथे आम्ही कड्या परत बसवल्या, प्रथिन सोडलं.
तिसऱ्या दिवशी सकाळी
शंभरातल्या साठ पेशी
पुरचुंड्या होऊन तरंगत होत्या.
"बशयेत," ती म्हणते.
बशीत, मी म्हणते.
बंदराकडून सुकतीचा वास येतो.

मग मी तिचा हात घेते, बोटं फाकवते.
आईच्या पोटात हा हात वल्ह्यासारखा होता, अखंड.
बोटांमधल्या पेशींना वाढीच्याच एका प्रथिनाने
सांगितलं: जा.
त्या गेल्या.
म्हणून ही जागा. म्हणून तर बोटं.

ती हात उन्हात धरते,
मघाशी फिल्म धरली होती तसाच.
फटींतून ऊन तिच्या लुगड्यावर पडतं.
"म्हणजे तेवा ऐकल्यानी."
हो. तेव्हा ऐकलं.
"मगे आताच काय झाला त्येंका?"

मी काहीतरी बोलणार असते.
ती उठलेली असते.
खळ्यात सोलं वाळत घातलीत, ती परतायला हवीत.
दोनदा खोकते, कंबरेवर हात ठेवून थांबते,
मग काळ्या बोटांनी एकेक सोल उलटत जाते.
चार-पाचांना बुरा धरलेला निघतो.
ती माडाच्या मुळात टाकते,
आणि पुढच्या ओळीकडे सरकते.